चार दिवसांसाठी आणलेलं झाड

टप्.

दुपारी सगळं घर आडवं झालेलं, म्हणून एवढंसं पान फरशीवर पडलं तेही तिला ऐकू आलं. झाडाच्या शेंड्याला आता जेमतेम दोन पानं उरली होती.

"तहानलंय ते," म्हणत आई पेला घेऊन उठली.

"नको गं आई. पानंच नाहीत तर पिणार कोण? मुळं कुजतील."

"बरं बाई, तुझं तू बघ. पण चार दिवसांसाठी माहेरी आलेली बाई झाड काखोटीला मारून येते का?"

ती नुसतीच हसली. का आणलं, ते तिला तरी कुठे ठाऊक होतं?

वडाच्या जातीचं ते रोप तिला लग्नानंतर एका भिंतीच्या फटीत सापडलं होतं. उथळ कुंडीत लावून, मुळं छाटून, फांद्यांना तार गुंडाळून तिने त्याला वळण लावलं. तार सालीत रुतायच्या आत कापून काढायची. नोकरी आणि मूल सांभाळून तिने एवढं एकच निगुतीनं केलेलं. गेल्या आठवड्यात कामावरून आली, तर कुंडी गच्चीवर, टाकीमागे. "पुसताना मध्ये येत होती," सासूबाई म्हणाल्या. तेही साध्या आवाजात. भांडण असं झालंच नाही. खिडकीत परत ठेवायला म्हणून तिने कुंडी उचलली आणि ठेवलीच नाही. बॅग भरली, लेकीला चपला घातल्या, निघाली. राग आला होता का? नीटसं आठवेना.

दूर कामावर असलेल्या नवऱ्याला फोनवर "चार दिवस आईकडे जातेय" एवढंच सांगितलं होतं.

फोन वाजला. तिच्याआधी लेकीने झडप घातली आणि व्हिडिओ सुरू करून फोन थेट कुंडीसमोर धरला. "बाबा, बघ, झाड टकलू झालं."

पलीकडे नवरा स्क्रीनजवळ वाकला.

"हे आपलं झाड? तिथे?"

तिने फोन हातात घेतला. "पाणी जरा जास्त झालं बहुतेक."

"जागा बदलली की हे पानं टाकतं. तूच सांगितलं होतंस मला."

तिने नखाने खोड जरासं खरवडलं. आत हिरवं होतं, पांढरा चीकही आला.

"मेलं नाहीये," ती म्हणाली. "इथलं ऊन अंगवळणी पडलं की फुटेल."

"आणि परत नेलंस तर?"

"परत गाळेल. लागोपाठ दोनदा सोसेल का, सांगता येत नाही."

"आईशी बोलू का मी?"

"काय बोलणार? त्या काही म्हणाल्याच नाहीत."

"मग तू का..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. "शनिवारी सुट्टीवर येतोय. घरी येऊ, का तिकडे?"

"तू आधी जेवून घे," ती म्हणाली. भलतंच काहीतरी. तो "बरं" म्हणाला, आणि फोन बंद झाला.

आतल्या खोलीत कपाटाचं दार करकरलं. लेक धुतलेल्या फ्रॉकांची चळत हनुवटीखाली दाबून दारात उभी राहिली.

"आई, आजीने खालचा खण रिकामा केलाय. माझे कपडे त्यात ठेवू, की बॅगेतच राहू देऊ?"