लिंबाच्या बियांवरून

मी एक फियाट बोलतेय. उभ्या उभ्या कंटाळलेली असल्यामुळे बोलण्यात जरा त्रागा आला, तर समजून घ्या.

तळहातावर मावेन एवढीच आहे मी. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची. पण आकार लहान म्हणून हौस लहान नसते. गाडी म्हटली की तिला चालायचं असतं, एवढं साधं माझं म्हणणं आहे, आणि नेमकं तेच कोणी ऐकत नव्हतं.

माझा जन्म बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. थ्रीडी प्रिंटरमध्ये थरावर थर चढत माझा टप, दारं, बॉनेट तयार झाली. तेव्हापासूनच मला चाकांची घाई. मला घडवायला दिलं होतं हेरंबने. तो बडोद्याबाहेरच्या एका केमिकल कंपनीत इंजिनियर आहे आणि शहरातल्या वासण्याला राहतो. संध्याकाळी घरी आला की चहा पिऊन बाल्कनीतल्या टेबलाशी बसायचं आणि छोट्या गाड्या बनवायच्या, हा त्याचा छंद. त्याची बायको यशश्री म्हणते की या बाल्कनीत माणसांना उभं राहायला जागा नाही, गाड्यांना पार्किंग आहे.

हेरंबने मला पॉलिश पेपरने घासलं, अस्तर दिलं, फिकट निळा रंग फवारला. आरशाला चिमट्याने पकडून जागेवर बसवलं. मी अशी चकाकत होते की काय सांगू. आता चाकं लागतील आणि आपण निदान जेवणाच्या टेबलावरून तरी एक चक्कर मारू, असे मनसुबे मी रचत होते.

आणि या गृहस्थाने कानस घेऊन माझे टायर खालून सपाट घासले. हवा गेलेले दिसावेत म्हणून. मग ती चाकं गोंदाने जाम चिकटवून टाकली.

का, ते मला हळूहळू कळलं. हेरंब मला त्याच्या बाबांची गाडी बनवत होता. बाबा, म्हणजे विश्वंभर, रिफायनरीतल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथे आले होते. हेरंब सहा वर्षांचा असताना ते गेले. त्याच्या आईला, मंदाताईंना, गाडी चालवता येत नव्हती. मग ती फियाट क्वार्टर्सच्या आवारात कडुनिंबाखाली उभीच राहिली, गंजली, आणि शेवटी भंगारवाल्याने नेली. हेरंबच्या डोळ्यांपुढे होती ती हीच, कडुनिंबाखालची.

म्हणून मग माझी चकाकी घालवायचा उद्योग सुरू झाला. स्पंजने रंगाचे टवके उडालेले दाखवले, विटेच्या पुडीचा गंज चढवला, काचांवर खडूची धूळ बसवली. किती आठवडे चाललं होतं! हात मात्र त्याचा खरंच चांगला आहे, नाही म्हणणार नाही. फोटो पाहून त्याचा मित्र समरजित फोनवर म्हणाला, "भाई, काट तो एकदम साचो लागे छे." म्हणजे गंज अगदी खरा वाटतोय. सयाजीगंजमधल्या एका हॉलमध्ये रविवारी या छोट्या गाड्या बनवणाऱ्या मंडळींचं प्रदर्शन होतं आणि त्यात टाकून दिलेल्या गाड्यांचा वेगळा विभाग होता. हेरंबने तिथे माझं नावही देऊन ठेवलं. धुळीवर वॉर्निशचा शेवटचा हात तेवढा राहिला होता. तो मारला की मी कायमची उभी. मला आतल्या आत नुसतं सळसळत होतं.

त्याच आठवड्यात दसरा आला.

सकाळी खाली पार्किंगमध्ये स्कूटर आणि मोठी गाडी धुऊन, हार घालून, पूजा झाली. हेरंब फाफडा-जलेबीच्या रांगेत गेला. दसऱ्याच्या सकाळी बडोद्यात ही रांग म्हणजे तासाभराची निश्चिंती. मंदाताई उरलेला झेंडू घेऊन वर आल्या आणि कधी नव्हे त्या बाल्कनीत डोकावल्या. पूर्ण झाल्यावर दाखवीन, असं सांगून हेरंबने मला त्यांच्यापासून खोक्याखाली लपवलं होतं. आज घाईत तो खोकं ठेवायला विसरला होता.

त्या थबकल्या. "ह्यांची गाडी," एवढंच म्हणाल्या. मग मला उचललं आणि सरळ बेसिनपाशी नेलं. दसऱ्याला घरातली गाडी मळकी ठेवायची नाही, हा त्यांचा नेम. जुना टूथब्रश, भांड्यांच्या साबणाचा फेस, वरून नळ. खडू गेला, वीट गेली. रंगाचे टवके आणि दाराखालचे गंजाचे दोन ठिपके तेवढे उरले. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. किती आठवड्यांनी मला कोणीतरी हलवत होतं.

त्यांनी मला पाटावर ठेवलं, काडीने बॉनेटवर हळदीकुंकू लावलं, झेंडूची एक पाकळी वाहिली. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडत पुढे न्यायची पद्धत. माझ्याएवढीला अख्खं लिंबू कसं झेपणार? म्हणून त्यांनी लिंबू कापलं आणि चाकांपुढे चार बिया ठेवल्या. आणि मला ढकललं.

मी चालले नाही. फरफटले. बिया माझ्यापुढे घसरत गेल्या. त्यांनी पुन्हा ढकललं आणि आपल्या हातून काही मोडलं की काय, म्हणून घाबरून हात मागे घेतला.

तेवढ्यात हेरंब आला. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. दिवसभर बाहेर गुजराती बोलणारा हा माणूस, रागावला की घरातही तेच बोलतो. "आई, आ शुं कर्युं?" हे काय केलंस, असं. मग त्याने सांगितलं, की तो मळ नव्हता, मुद्दाम केलेलं काम होतं, रविवारी दाखवायचं होतं.

मंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही चालत का नाही?"

"ती उभीच असते, आई. चाकं चिकटवली आहेत."

"तुझ्या बाबांची गाडी कधी उभी नव्हती, हेरंबा. उभी केली ती मी, ते गेल्यावर."

मग त्या सांगत राहिल्या. दर दसऱ्याला बाबा हेरंबला मांडीवर घेऊन बसायचे, त्याचे हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि लिंबांवरून गाडी न्यायचे. लिंबू फुटलं की हा टाळ्या पिटायचा. तिथून थेट निजामपुऱ्याला, फाफडा आणायला.

"आठवत नाही मला," हेरंब म्हणाला. हातातलं पुडकं त्याने अजून खाली ठेवलं नव्हतं.

मग त्याने ब्लेड घेतलं. मला वाटलं, आता मलाच कापणार. पण त्याने गोंद कापला. उरल्यासुरल्या भागांच्या डब्यातून चार गोल चाकं आणि पोलादी तार काढली, तारेचा आस करून चाकं बसवली आणि मला पुन्हा पाटावर ठेवलं. यशश्री जेवायला हाका मारत होती, फाफडा गार होत होता, त्याचं लक्ष नव्हतं. त्याने चाकांपुढे बिया नीट मांडल्या आणि आईकडे पाहिलं.

"तू चालव," तो म्हणाला.

त्यांनी माझ्या टपावर एक बोट ठेवलं. मग हलकेच ढकललं. मी टकटक करत चारही बियांवरून उतरले आणि थेट पाटाच्या कडेपर्यंत धावले. टाळ्या हेरंबने वाजवल्या.

प्रदर्शनातून त्याने माझं नाव काढून घेतलं. आता मी मंदाताईंच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर असते. एक चाक किंचित मोठं असल्यामुळे डावीकडे ओढते. स्वस्थ अजूनही नाही. कट्टा हातभर लांब, त्यात काय चालणार? पण येता-जाता त्या मला एक बोट लावतात आणि मी वीतभर पुढे जाते.

तुम्ही कधी आलात, तर माझ्या काचेवर बोट ठेवून 'काय सुंदर, काय बारीक काम' म्हणत बसू नका. तेच बोट माझ्या टपावर ठेवा आणि जरा ढकला.