एकतिसावा स्क्रू

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची गाडी बत्तीस वर्षांची होती, आणि त्यांच्या बायकोच्या मते तिला कधीच पेन्शनीत काढायला हवं होतं. लाल, ठेंगणी, कापडी छपराची आणि मोजून दोन सीटची ती स्पोर्ट्स कार घरामागच्या गॅरेजात उभी असे. तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग स्वतःला आत सोडून द्यायचं, मग एकेक पाय ओढून घ्यायचा, आणि उतरायच्या वेळी कुणाला तरी हाक मारायची. बायको आजवर तीनदा त्या गाडीत बसली होती आणि तिन्ही वेळा पायी घरी आली होती.

गाडी घेतली होती ती खरं तर तिच्यासाठीच. लग्नाच्या चौथ्या वर्षी, दोघांनी लांब कुठंतरी भटकायचं म्हणून. नकाशा आणला, रस्ता ठरला, आणि त्याच आठवड्यात लेक येणार असल्याची गोड बातमी कळली. दोन सीटवर तीन माणसं बसवायचं गणित काही कुणाला सुटलं नाही. पुढे शेजारच्या सीटवर बसून लेक शाळेत गेली, कॉलेजात गेली, आणि बायको मात्र बसच्या रांगेत उभी राहून हॉस्पिटलला जात राहिली. आता लेक लग्न होऊन डोंगरापलीकडे, नऊशे किलोमीटर लांब राहत होती. ऐन हिवाळ्यात तिने दोघांना महिनाभर राहायला बोलावलं होतं. या वेळी तरी त्या सीटवर बायकोने बसावं, एवढंच घड्याळजींना हवं होतं. पण तोंडाने ते सांगतील तर शपथ. त्यांनी नुसतंच "गाडीने जाऊ या" म्हटलं, आणि बायकोने रेल्वेची दोन तिकिटं काढून फ्रिजवर चिकटवली.

"शुक्रवारी चारपर्यंत तिकिटं रद्द करता येतात," ती म्हणाली. "तोवर गाडी पास झाली तर येते मी. नाहीतर मी रेल्वेने जाईन, तुम्ही मागून या. मला घ्यायला स्टेशनवर मात्र येऊ नका. मला वेळेत पोचायचं असेल."

पास म्हणजे साधं पास नव्हे. बाई चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होती. टाके घालण्याआधी कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे सगळं मोजायचं, आणि मोजणी जुळेपर्यंत कितीही मोठा सर्जन असो, त्याने सुई हातात धरून उभं राहायचं, हा तिचा शिरस्ता. निवृत्त झाली तरी सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे. चिडवायचं असलं की घड्याळजीसुद्धा.

सोमवारी तिने बॅटरी तपासली. मंगळवारी शीर शोधावी तसे टायर दाबून पाहिले आणि मागचे दोन नापास केले. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवणारा मेकॅनिक नवे टायर घेऊन आला. त्याचा आवाज असा, की लोकांनी त्याचं नाव सायलेन्सर ठेवलं होतं. त्याने इंजिनात थंडीत न गोठणारं कूलंट भरलं आणि साऱ्या शेजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काका, गाडी एकदम तरुण झाली!" बुधवारी छपराची परीक्षा होती. सिस्टरने घड्याळजींना गाडीत बसवलं, वरच्या खिडकीत गेली, आणि तिथून एक बादली पाणी ओतलं. गार पाणी छपराच्या शिवणीतून थेट घड्याळजींच्या कॉलरमध्ये गेलं.

"गळतंय का हो?" वरून प्रश्न आला.

"नाही!" घड्याळजी कुडकुडत ओरडले.

"मग शर्ट का झटकताय?"

ती शिवण बुजवण्यात गुरुवार गेला. शेवटी घोडं अडलं ते हीटरवर. दांडी थंडकडून गरमकडे कितीही ओढा, आतून वारा यायचा तो गारच. सायलेन्सर म्हणाला, अख्खा हीटर बदला, भाग यायला दहा दिवस. घड्याळजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पहिल्यांदाच गप्प बसला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी डोळ्याला भिंग लावून डॅशबोर्ड उघडला. सिस्टर हातात स्टीलचा ट्रे घेऊन शेजारी उभी राहिली. कुणाचं तरी पोट उघडतंय म्हटल्यावर तिला घरात राहवणं शक्यच नव्हतं. एकेक स्क्रू ट्रेत पडत होता आणि ती मोठ्याने मोजत होती. "एकोणतीस. तीस. एकतीस. काढले एकतीस." मग तिने ते वहीत लिहिलं आणि खाली सही केली.

दोष सापडला तो अगदी घड्याळजींच्या घराण्यातला. आत एक छोटी झडप होती, तिची स्प्रिंग निसटली होती. बस्स. त्यांनी चिमट्याने ती जागेवर आणली, खुंटीवर घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब सोडला आणि इंजिन सुरू केलं. दहा मिनिटांत गाडीत असा उबदार वारा सुटला, की घड्याळजींना गहिवरून आलं. आता फक्त डॅशबोर्ड बंद करायचा राहिला होता.

आणि तिथेच माशी शिंकली. ट्रेत स्क्रू होते तीस.

"एक कमी आहे," सिस्टर म्हणाली. "थांबा. बंद करायचं नाही."

घड्याळजींना काय आक्षेप असणार? एक तुकडा उरलेला किंवा एक कमी पडलेला असताना घड्याळाचं झाकण लावणं त्यांच्याही धंद्यात महापाप होतं. दोघं गॅरेजच्या फरशीवर गुडघे टेकून शोधायला लागले. चटया झटकल्या. चुंबक फिरवला. काखेत कळसा असायचा म्हणून घड्याळजींनी स्वतःचे खिसे, बाह्या, एवढंच काय, भिंगाची डबीही उलटी करून पाहिली. दोन वाजले, तीन वाजले. जेवण राहिलंच. शेवटी पोटातल्या भुकेने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"तूच लपवला असशील," घड्याळजी म्हणाले. "तुला रेल्वेनेच जायचंय."

सिस्टर सावकाश उठून उभी राहिली. "चौतीस वर्षं," ती म्हणाली. "चौतीस वर्षं मी मोजणी केलीय. खोटी एकदाही नाही." एवढंच बोलून ती पुन्हा खाली वाकली. घड्याळजींना आपली जीभ चिमट्यात धरावीशी वाटली.

तेवढ्यात सायलेन्सर डोकावला. काय झालं ते ऐकून आणि ट्रेतले स्क्रू बघून तो इतका हसला, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. "अहो काका, राहिलाय तो नुसत्या शोभेच्या पट्टीचा स्क्रू! बाकीचे आठ धरून ठेवतात तिला. वायरिंगच्या जवळपाससुद्धा नाही तो. गाडी काय स्क्रू मोजत बसते?"

"गाडी नाही मोजत," घड्याळजी म्हणाले, "आम्ही मोजतो." सायलेन्सरने कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

सिस्टरने टॉर्च घेतला आणि खालून वर पाहावं म्हणून ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली. बसली, आणि तिच्या हातातला टॉर्च तसाच राहिला. या सीटवर तिचे पाय नेहमी अधांतरी लोंबायचे. आज दोन्ही तळवे सरळ टेकले होते. खाली गुळगुळीत तासलेली एक लाकडी फळी बसवलेली होती. पाठीशी, तिची कंबर दुखते बरोबर तिथे, एक छोटी उशी शिवलेली होती. पट्टाही मानेला न काचता खांद्यावर नेमका आला.

"हे कधी केलंत?" तिने विचारलं.

"मागच्या महिन्यात." घड्याळजी फरशीकडे बघत म्हणाले. "तुझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचं माप घेतलं."

तिने पाय उचलले, पुन्हा टेकवले. घड्याळजींना वाटलं, आणखी एक दोष सापडला बहुतेक.

ते उठले आणि अवजारं फडक्यात गुंडाळायला लागले. मनगटाकडे न बघताच ते म्हणाले, "तीन वाजून एकेचाळीस झाले. तू रेल्वेनेच जा. एक कमी असताना हे झाकण मी लावणार नाही, आणि उघड्या पोटाच्या गाडीत तुला घाट चढवणार नाही. तुझंच बरोबर होतं."

"तीसच होते," सिस्टर म्हणाली.

"काय?"

"स्क्रू. काढले तीस. मोजताना माझी चूक झाली." तिने वही ओढून घेतली, एकतीसवर सरळ रेघ मारली, वर तीस लिहिलं आणि शेजारी दुसरी सही केली. "मोजणी बरोबर आहे. करा बंद."

घड्याळजी तिच्याकडे बघतच राहिले. एकतीस होते. त्यांनीही मनातल्या मनात मोजले होते, हात तिथे आणि आकडा डोक्यात, अशी त्यांची चाळीस वर्षांची सवय. आणि त्यांनी मोजले असणार, हे तिला ठाऊक नसेल असं होणंच शक्य नव्हतं. मोठमोठ्या सर्जनांना जिने एका बोळ्यासाठी ताटकळत ठेवलं, ती बाई चष्म्याआडून त्यांच्याकडे बघत होती आणि पापणीसुद्धा हलवत नव्हती.

"होतं असं," ते कसेबसे म्हणाले. "वय झालं तुझं."

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

मग तिने सीटवरून न उठता पर्समधून मोबाइल काढला आणि रेल्वेला फोन लावला. "हो, दोन्ही तिकिटं रद्द करायचीत. दोन्ही, हो. कारण?" तिने दोन्ही तळवे फळीवर नीट टेकवले. "कारण लिहा, सीट मिळाली."

घड्याळजींनी पहिला स्क्रू उचलला. पण बराच वेळ त्यांना त्याची खाचच दिसेना.