शून्य अक्षरांची फाईल

पानायोतने तीस वर्षं डॅन्यूब नदीवर मालवाहू बोटी चालवल्या. निवृत्तीनंतर आजाराने आधी त्याचे हात नेले, मग आवाज. नदीकाठच्या रुसे शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तो पडून असायचा. उजवा गाल तेवढा हलत होता.

मुलगी बिल्याना प्रोग्रामर. तिने त्या गालापाशी एक बटण बसवलं आणि जुन्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहिला. पडद्यावर एकेक अक्षर सरकायचं. हवं ते आलं की बाबांनी गाल हलवायचा.

आधी प्रत्येक अक्षर लगेच डिस्कवर जायचं. डिस्क अडखळायची, पडदा थिजायचा, बाबांचं पुढचं अक्षर हुकायचं. म्हणून तिने अक्षरं मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवायला सुरुवात केली. दोन हजार झाली की सगळी एकदम फाईलमध्ये उतरणार. प्रोग्राम झरझर चालू लागला.

ती मागे उभी राहिली की पडद्यावर यायचं, ‘गाढवे, डोकावू नकोस. पूर्ण झालं की वाच.’

अकरा दिवस तो लिहीत होता, दिवसाला जेमतेम दीडशे अक्षरं; कॉम्प्युटर रात्रंदिवस चालूच असायचा. बाराव्या दुपारी तिच्या आईने, स्तोयान्काने, मिरच्या भाजायची विजेची भट्टी लावली आणि फ्यूज उडाला.

“अगं, वीज गेली बघ!”

बिल्यानाने फ्यूज बदलला, कॉम्प्युटर सुरू केला, फाईल उघडली. शून्य अक्षरं. बफर भरलाच नव्हता, आणि मेमरीतलं सगळं विजेबरोबर गेलं होतं. मधूनमधून तो फाईलमध्ये रिकामा करायची एक ओळ लिहायची राहून गेली होती.

“काय गं, तोंड का उतरलं?” आईने दारातून विचारलं.

“काही नाही. तू भाज मिरच्या.”

मग ती बाबांजवळ बसली. “बाबा, गेलं सगळं. चूक माझी आहे. पुन्हा लिहाल?”

तो तिच्याकडे बघत राहिला. गाल हलला नाही.

ती डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, “ताई, डिस्कवर जे गेलंच नाही, ते मी काढू कुठून?”

त्याच आठवड्यात बाबांना ताप आला. ताप उतरला, पण गाल गेला. बिल्याना मुळाक्षरं म्हणू लागली. हव्या अक्षराला त्याने पापणी मिटायची. सबंध दुपारभर बसून एवढंच जमलं: ‘राहू दे’. नोव्हेंबरात तो गेला.

चाळिसाव्या दिवसाचा विधी आटोपला, पाहुणे पांगले. आई म्हणाली, “इतके दिवस लिहीत होते. माझ्याबद्दल काही आहे का गं त्यात?”

बिल्याना टेबलावरची ताटं उचलू लागली.

“बरं, आज नको,” आई म्हणाली. “मला धीर होत नाही. तू आधी वाच, मग सांग.”

“हो,” बिल्याना म्हणाली.