कराडचा कप्पा

लग्नाला तीन वर्षं होत आली तरी आशालताला आपल्या नवऱ्याच्या ईमेलच्या पत्त्याचं कौतुक संपत नव्हतं. पत्ता असा: आधी विश्राम, मग अधिकचं चिन्ह, मग बार्शी. बार्शी हे तिचं माहेर. बघायचा कार्यक्रम झाला त्या दिवशी निघता निघता विश्रामने एका कागदावर हा पत्ता लिहून दिला होता. "काही विचारायचं असेल तर यावर विचारा," म्हणाला होता. अजून चहाचे कप विसळायचे होते, आणि या माणसाने आपलं गाव स्वतःच्या नावाला जोडूनसुद्धा टाकलं! ते अधिकचं चिन्ह म्हणजे मुहूर्ताआधीच पडलेली अक्षता, असं तिला वाटलं. बहिणींना तिने ते चारचौघांत ऐकवलं, मावसबहिणींना मुद्दाम फोन करून ऐकवलं. तिचा दुसरा अभिमान म्हणजे विश्रामने लग्नानंतर लगेच सांगितलेली एक गोष्ट. तिच्याआधी त्याने सात-आठ स्थळं नाकारली होती.

असं हे दुहेरी अभिमानाचं गाठोडं घेऊन ती पुण्याजवळच्या चांद्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुखाने संसार करत होती. विश्राम सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा, संध्याकाळी यायचा. आणि मग नवरात्राच्या आधीच्या एका रविवारी पैठणी मध्ये आली.

इंटरनेटवर कुठल्याशा दुकानाने सोडत काढली होती. नाव, गाव आणि ईमेलचा पत्ता भरला की पैठणी मिळण्याची संधी. आशालता आपला पत्ता टाइप करायला लागली तसा विश्राम मागून ओरडला, "खरा पत्ता देऊ नकोस! जन्मभर जाहिराती येतील."

मग खुर्ची ओढून त्याने तिला आपली युक्ती शिकवली. "माझा पत्ता घाल. नावानंतर अधिकचं चिन्ह द्यायचं आणि पुढे पैठणी लिहायचं. पत्र आपल्याकडेच येतं. पण उद्या भलत्याच कुणाचा कचरा या शेपटीवर यायला लागला, की कळतं पत्ता कुणी विकला. मग त्या शेपटीचा कप्पा कायमचा बंद करायचा. प्रत्येकाला वेगळी शेपटी. विमावाल्याला वेगळी, मॉलला वेगळी."

आशालताचे हात थांबले. "आणि बार्शी?"

"ती तेव्हाची," विश्राम मोकळेपणाने म्हणाला. हुशारीच्या भरात बायकोचा चेहरा बघायचं भान कुठल्या नवऱ्याला राहिलंय? "स्थळं बघत होतो ना, तेव्हा गावागावाला एकेक शेपटी दिली होती. लातूर, फलटण, विटा... लातूरच्या मुलीचे मामा विमा विकायचे. अजून पाठवतात बिचारे. थेट कचऱ्यात जातं." आणि तो हसला.

ती हसली नाही. बहिणींना, मावसबहिणींना ऐकवलेलं एकेक वाक्य तिला आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. अक्षता कसली, ती तर पावतीवरची खूण होती! लातूरला जी दिली, विट्याला जी दिली, तीच बार्शीला.

दुसऱ्या दिवशी विश्राम गेल्यावर तिने कॉम्प्युटर उघडला. त्याने काही कुलूपबंद ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे चोरून बघितल्याचा आनंदही मिळाला नाही. गावांचे कप्पे ओळीने दिसत होते. लातूर बंद. फलटण बंद. विटा बंद. बार्शी उघडा, तो तिचाच. आणि आणखी एक उघडा होता. कराड.

तिने त्यावर बोट दाबलं. आत काहीही नव्हतं.

शहाण्या बाईला हायसं वाटलं असतं. पण मत्सराला शहाणपण चालत नाही. रिकामा म्हणजे पुसलेला, असं आशालताने ठरवलं. काही नव्हतंच तर इतरांसारखा बंद का केला नाही? आणि मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. विश्राम मूळचा इस्लामपूरचा. सणाला गावी जाताना एसटी कराडला थांबते, आणि सातारा गेला तरी तोंड उघडं टाकून घोरणारा हा माणूस कराड आलं की बरोबर जागा होतो! चहा प्यायला उतरतो. एकटाच उतरतो. "तू बस, गर्दी असते," म्हणतो. त्यात त्या गावाला कृष्णा-कोयनेचा संगम, आणि त्या संगमाचं नाव काय, तर प्रीतिसंगम! बार्शीला भगवंताचं देऊळ आहे. देवळापुढे माणूस हात जोडतो आणि घरी जातो. प्रीतिसंगमावर काय करत असेल?

भांडी घासायला आलेल्या चंद्राबाईला तिने आडून विचारलं, "चंद्राबाई, पुरुषमाणूस रिकामा डबा जपून का ठेवतो हो?"

चंद्राबाई चांदे गावठाणातली. तिने हात न थांबवता सांगितलं, "परत भरायचा आसंल म्हनून. न्हाईतर कशापायी ठिवंल? आमचं मालक बाटली रिकामी झाली की त्याच दिशी भंगारात देत्यात." मग मान वर करून म्हणाली, "का वो ताई? सायबांनी कसला डबा ठिवलाय?"

"काही नाही, असंच," आशालता म्हणाली. पण परत भरायचा, हे शब्द दिवसभर तिच्या डोक्यात घण घालत राहिले.

ती कराडवाली गोरी असणार. कृष्णाकाठचं पाणी. नाव काहीतरी छान असणार. तिचं आणि विश्रामचं जुळत आलं असणार आणि काहीतरी आड आलं असणार, देणंघेणं, नाहीतर पत्रिका. मग त्याची आई म्हणाली असणार, बार्शीची एक राहिलीय, बघून टाक. म्हणजे आपण पसंत पडलो की नुसत्याच उरलो होतो? हा एकच प्रश्न. भाजी चिरताना तो, झोपताना तो. विश्रामने वरणाला छान म्हटलं तरी तिला वाटायचं, कराडचं वरण आठवलं असेल. चार दिवसांत ती त्याच्याशी धड एक वाक्य बोलली नाही, आणि त्याला वाटलं, पैठणी लागली नाही म्हणून रुसली.

शेवटी तिने त्याचंच औषध त्यालाच द्यायचं ठरवलं. दुपारी बसून एक नवा, एका कामापुरता पत्ता काढला. नाव घेतलं कृष्णाकाठ. आणि त्यावरून विश्राम अधिक कराडला पत्र लिहिलं:

"ओळखलं असेलच. तुमचं लग्न झाल्याचं कळलं. अजून इकडून जाता का? सुखी आहात ना? माझी कधी आठवण येते?"

पत्र गेलं. आता तो काय लिहील? येते असं लिहिलं तर संसार संपला. नाही असं लिहिलं तर खोटं लिहितोय. कुठलंही उत्तर आपल्याला चालणार नाही हे तिला कळत होतं, तरी ती पडद्यावरून नजर हलवेना. गॅसवरचं दूध उतू गेलं ते वास आल्यावर कळलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. एकच ओळ होती.

"कोथिंबीर आहे का घरात, की येताना आणू?"

आशालताने ते तीनदा वाचलं. मग कॉम्प्युटर बंद केला, जणू त्या कॉम्प्युटरनेच विश्रामला फोन करून चुगली केली होती.

संध्याकाळी विश्राम कोथिंबिरीची जुडी घेऊन आला. ती ओट्यावर ठेवून म्हणाला, "कृष्णाकाठी महाग झालीय का?"

"कसं कळलं?" तिने पाठ न वळवता विचारलं. लाज आणि राग एकाच जागी उभे होते.

"अगं, शेपटी त्याचसाठी असते! पत्र आलं की कळावं, पत्ता कुणाकडून फुटला. कराडची शेपटी मी जगात कुणालाच दिलेली नाही. ती फक्त आपल्या घरातल्या कॉम्प्युटरला माहीत."

"कुणाला दिली नाही मग केली कशाला? आणि उघडी कशाला ठेवली?" आता ती वळली. डोळे भरले होते आणि आवाज मात्र चढला होता. "सगळ्या बंद केल्या. कराडच तेवढी जिवाची होती? आणि मी पसंत होते, की नुसतीच उरलेली?"

"जिथून कचरा आला त्या बंद केल्या. कराडवरून कधी काही आलंच नाही, तर बंद काय करू? विसरून गेलो होतो."

"का आलं नाही?"

विश्राम कोथिंबिरीची मुळं तोडत बसला. एवढा बोलका माणूस, पण त्याला एकदम त्या जुडीत फार काम दिसायला लागलं.

"मुलीचा फोटो बघून मी आधीच कप्पा करून ठेवला होता," तो शेवटी म्हणाला. "पत्ता द्यायची वेळच आली नाही. माझा फोटो गेला, आणि त्यांनी मध्यस्थाकडून नकार कळवला. मुलगा काळा आहे आणि आत्ताच कपाळ वर सरकलंय म्हणाले."

"नकार? त्यांनी? तुम्ही तर म्हणाला होता, तुम्ही नाकारलं."

"म्हणालो होतो."

"आणि लातूर?"

"त्यांनीच."

"फलटण? विटा?"

"आशा, सगळ्यांनीच," विश्राम म्हणाला. "तू पसंत होतीस की उरलेली, हेच डोक्यात घेऊन बसलीस ना चार दिवस? उरलेला मी होतो. सात ठिकाणांहून परत आलेला माल. होकार एकाच शेपटीवर आला. तो कप्पा मी कधी बंद करणार नाही, तू त्यावर विमा विकायला लागलीस तरी."

आशालता त्याच्याकडे बघत राहिली. काळा होता खरा. कपाळही या तीन वर्षांत आणखी दोन बोटं वर गेलं होतं. पण हा माणूस, स्वतःहून कोथिंबीर आणून ती निवडून देणारा हा माणूस, त्या लोकांनी फोटोवर परत पाठवला? चार दिवस ज्या बाईच्या गोरेपणावर ती जळत होती, तिचा आता तिला असा संताप आला की तिने हातातला झारा ओट्यावर आपटला. समजते कोण ही कराडवाली स्वतःला!

दिवाळीला दोघं एसटीने इस्लामपूरला निघाले. सातारा मागे पडला, विश्राम तोंड उघडं टाकून घोरला, आणि कराडचा स्टँड आला तसा बरोबर जागा झाला. "इथला चहा फक्कड असतो, घेऊन येतो," म्हणून उठायला लागला. आशालताने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"काही नको. ज्या गावाला माणूस पारखता येत नाही, त्याला चहा काय जमणार?" ती म्हणाली. आणि पिशवीतून तिने चांद्याहून भरून आणलेला थर्मास काढला.