हँडलचे तीन जादा फेरे

मित्रांनो, सातपूरच्या एका कारखान्यात कपाटावर बसलेले मी एक जुने आकडेमोडीचे यंत्र आहे. हँडल फिरवले तर मी मोजते, नाही तर मुकाट बसते.

१९७३ साली मी सावळीरामदादांच्या टेबलावर आले. गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवी आणि तेवढे नग करायला किती खर्च येईल, त्याचा अंदाज दादा काढत. लोखंड किती, लेथवर तास किती, सारे माझ्या हँडलवर. आमचा अंदाज कधी चुकला नाही, हे मी जरा मिरवूनच सांगते.

पुढे आसपास कारखाने वाढले. आठवड्याला चार ड्रॉइंग यायची, ती चाळीस येऊ लागली. दादांचे मनगट सुजले. आमचे उत्तर पोचेपर्यंत काम दुसरीकडे गेलेले असायचे. म्हणून १९८६ मध्ये कॉम्प्युटर आला. पुण्याच्या इंजिनिअरने दादांना विचारून विचारून सारे दर त्यात भरले. मला राग आला, खोटे कशाला बोलू?

पहिलेच काम पन्नास शाफ्टचे. कॉम्प्युटरचा आकडा दादांच्या आकड्यापेक्षा कमी आला. इतकी वर्षे दादाच चुकत होते की काय, असे मालक सगळ्यांदेखत म्हणाले. दादांची मान खाली गेली. तेरा वर्षांची पत एका कागदापायी पणाला लागली होती. मला कारण ठाऊक होते, पण मला विचारतो कोण?

कॉम्प्युटर चालवणाऱ्या लताबाईंनी मात्र दादांना तोच हिशेब माझ्यावर पुन्हा करायला लावला आणि शेजारी बसून फेरे मोजले. पन्नास नगांचे फेरे झाले, तरी दादांच्या हाताने सवयीने आणखी तीन दिले.

“दादा, हे तीन कसले?”

“ते नैवेद्याचे. सेटिंग बसेपर्यंत पहिले दोन-तीन नग बिघडणारच. ही काय लिहून ठेवायची गोष्ट हाय?”

“हीच तर लिहायची राहिली,” लताबाई म्हणाल्या.

नैवेद्य कॉम्प्युटरात गेला आणि आकडे जुळले. मालकांनी दादांची माफी मागितली. मग दादा लताबाईंशेजारी बसून असे एकेक आठवून सांगू लागले. चाळीसही उत्तरे शनिवारपर्यंत जाऊ लागली, कामे परत आली, मनगटाची सूज उतरली. मी टेबलावरून कपाटावर गेले, पण माझा रागही उतरला.

निवृत्तीच्या दिवशी दादांनी मला कपाटावरून उतरवले, धूळ पुसली आणि हँडल तीनदा फिरवले. हिशेब कसलाच नव्हता.

मित्रांनो, नवी यंत्रे खुशाल आणा. पण त्याआधी जुन्या हातांशेजारी थोडे बसा आणि त्यांचे जादा फेरे मोजून घ्या. ते आपणहून सांगणार नाहीत, तुम्हालाच विचारावे लागेल.