डब्यात न गेलेले मासे

बितुंग बंदरातल्या डबाबंद मासळीच्या कारखान्यात नोर्चे उकडलेल्या टुनाची साल आणि काटे काढायची. तिला खरं तर पाद्री व्हायचं होतं. तोमोहोनच्या धर्मविद्यालयात प्रवेशही मिळाला होता. पण बापाला अर्धांगवायू झाला आणि ती घरी परतली, ती कायमचीच. रबरी बूट, तोंडाला फडकं आणि दिवसभर एकाच जागी उभं राहणं. लिंबू चोळूनही हातांचा वास जात नसे. रविवारी चर्चमध्ये ती भिंतीलगत, बाकाच्या टोकाला बसे.

मुकादम वेलीकाका आमच्या चर्चच्या मंडळीतले मानाचे माणूस. पाळी सुरू होण्याआधी ते आम्हा सगळ्या बायकांना उभं करून प्रार्थना घेत. "सुरी हातात घ्याल तेव्हा समजा, देव समोर उभा आहे," ते म्हणत. ते ऐकताना नोर्चेला वाटे, आता देवानंही आपल्याला इथंच कोंडून बाहेरून कडी लावली.

एकदा इंजिन बिघडल्यानं बोट उशिरा लागली. बर्फ वितळला होता. मासा उकडून ओट्यावर आला तेव्हा मांस जाळीदार झालेलं दिसलं. असला मासा खाल्ला की अंगभर चट्टे उठतात, उलट्या होतात, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. नोर्चे एकेक मासा टाकाऊच्या टोपलीत टाकू लागली.

वेलीकाका आले. "एवढा काय टाकतेस? तेलमिठात कळत नाही."

"खाणाऱ्याला कळेल, काका."

"नोर्चे, मालकाला तोंड मला द्यावं लागतं. मुकाट्यानं भर."

"देव समोर उभा आहे असं रोज तुम्हीच सांगता. मग त्याच्यासमोर हे कसं भरू?"

शेजारची आनेके मावशी पुटपुटली, "पोरी, गप बस. आम्हालाही घरं आहेत."

नोर्चेनं सुरी खाली ठेवली. जरा वेळानं मावशीनंही ठेवली, मग पलीकडच्या दोघींनी. मासे वाहून नेणारा पट्टा थांबला. संध्याकाळी तो सगळा माल खताला गेला. बायकांची जादा पाळी बुडाली, आणि फाटकापाशी नोर्चेशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तिला माशांची आतडी टाकायच्या हौदावर पाठवलं.

त्याच आठवड्यात घरोघरी होणाऱ्या उपासनेची पाळी नोर्चेच्या घरी होती. तिनं भात आणि झणझणीत रिचा, म्हणजे मिरचीचं वाटण, घातलेली मासळी रांधली. बापाला उशीला टेकवून बसवलं. फक्त आनेके मावशी आली. आणि वेलीकाका, कारण उपासना चालवायला त्यांना यावंच लागलं.

प्रार्थनेची वेळ झाली. काका उभे राहिले. पण लगेच खाली बसत म्हणाले, "तूच कर, नोर्चे. माझ्यानं आज होत नाही."

तिनं डोळे मिटले. मग ती म्हणाली, "कुठल्यातरी घरात आई डबा उघडून पोरांना वाढत असेल. त्या पोरांना सुखरूप ठेव. आणि माझे हात तुझे असतील तर तसं मला कळू दे. मला अजून कळलेलं नाही."

बाप एका बाजूनं वाकड्या झालेल्या तोंडानं 'आमेन' म्हणाला. काकांनी ताट पुढे ओढलं आणि मान खाली घालून जेवले.

सोमवारी नोर्चे पुन्हा हौदावर गेली. कुणी तिला परत ओट्यावर बोलावलं नाही. तिनं पहिली टोपली उचलायला घेतली. हौदाकाठी आनेके मावशी उभी होती, बाह्या वर सारलेल्या. मुकादमाला सांगून तिनं स्वतःच इथं बदली मागून घेतली होती.

"सरक जरा," मावशी म्हणाली, "एकटीनं उचलू नकोस ती टोपली."