कुठलं म्हणायचं पावणं?

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी शिवानी गावडे शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेसाठी आत गेली. बाराला पाच मिनिटं कमी असताना ती बाहेर आली. त्या दिवशी बाकीच्यांना आठ-दहा मिनिटांत सोडत होते. बाहेर बाकावर आपल्या पाळीची वाट बघणारा तिचा वर्गमित्र प्रसेनजीत धनवडे याने दारामागून दोनदा हसण्याचा आवाज ऐकला. त्यातलं एक हसू बाहेरून आलेल्या परीक्षकांचं होतं. त्या कॉलेजात असं याआधी झाल्याचं कुणाला आठवत नाही.

शिवानीची ही दुसरी खेप. लेखी परीक्षा ती पहिल्याच वेळी सुटली होती, तोंडीत अडकली. या वेळीही अडकली तर दुसऱ्या वर्षाला बसता येणार नव्हतं. बरोबरचे पुढे जाणार आणि ती नव्या पोरांच्यात पुन्हा पहिल्या धड्यापासून. चंदगडला वडील पिराजी गावडे यांना तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काजू पाठवू काय?"

पहिल्या खेपेला घडलं ते असं. तबकात उभं कापलेलं हृदय ठेवलं होतं. खालच्या कप्प्याच्या आतल्या भिंतीवर मांसाच्या वळकट्या असतात. त्यांचं नाव विचारलं. त्या वळकट्या कशाच्या, कुठल्या बाजूला, काय काम करतात, हे सगळं शिवानीला येत होतं. नाव लॅटिन होतं, ते आलं नाही. एक नाव अडकल्यावर पाठोपाठ पुढची सगळी अडकली. बारावीपर्यंतचं तिचं बोलणं-चालणं मराठीत झालेलं. त्या दिवशी ती मराठीतही काही बोलली नाही.

शिवानी राजारामपुरीत मोना समुद्रे यांच्या घरी एका खोलीत राहते. मोनाबाई एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. चर्चमध्ये दर रविवारी मुलांचा वर्ग त्या अजूनही घेतात. गल्लीतली सगळी माणसं, रिक्षावाल्यांसकट, त्यांना टीचर म्हणतात. पहिल्या निकालानंतर आठवड्याभराने त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या आणि शिवानी समोर पुस्तक धरून बसली होती.

"सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, सबस्कॅप्युलॅरिस. सुप्रास्पायनॅटस..."

"काय गं, जप कराय लागलीस व्हय?"

"खांद्याचे स्नायू हाईत, टीचर. पाठच होईनात."

"कसे होतील? दारात अनोळखी माणूस आलं तर तुमच्या चंदगडात काय करत्यात?"

"पाणी देतात."

"आणि?"

"कुठलं म्हणायचं पावणं, असं विचारतात."

"मग ह्यास्नी का विचारलं न्हाईस? थेट घरात घेतलंस आणि आता म्हणतीस, वळख लागत न्हाय."

शिवानीला वाटलं, टीचर चेष्टा करतायत. टीचरनी मेथीची जुडी बाजूला सारली आणि पुस्तक स्वतःकडे ओढलं. हाडांतलं त्यांना काही कळत नव्हतं. पण शब्दांची पहिली अक्षरं त्यांच्या ओळखीची निघाली. तीच अक्षरं त्या चाळीस वर्षं रविवारच्या वर्गात फळ्यावर लिहीत आल्या होत्या, फक्त पुढे हाडाऐवजी प्रार्थना असायची.

"सब. हे खालच्या गल्लीतलं. सबमिशन म्हणजे देवापुढं मान खाली घालणं. आता तुझं सांग."

"सबस्कॅप्युलॅरिस. खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या हाडाच्या... खालच्या अंगाला असतो."

"बघ. गाव एकच. इंटर, हे दोन घरांच्या मधल्या बोळातलं. इंटरसेशन म्हणजे मध्यस्थी, दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना."

"इंटरकोस्टल. दोन फासळ्यांच्या मधले."

"ट्रान्स?"

"ट्रान्सव्हर्स. आडवं, ह्या बाजूकडून त्या बाजूला."

"व्हय. ट्रान्सफिगरेशन. डोंगरावर प्रभूचं रूप पालटलं, ह्या रूपातनं त्या रूपात गेलं. आणि हे बघ, सर्कम. गावाला वेढा घालून जाणारं. सर्कमसिजन म्हणजे सुंता."

टीचरनी आवाज उतरवला नव्हता. खिडकी उघडी होती. शिवानी मेथीकडे बघत राहिली.

"लाजतीस कशाला? सर्कमफ्लेक्स म्हणून एक शीर हाय न्हवं तुझी, हाडाला वळसा घालणारी? आता ती जन्मात विसरून दाखव."

त्या रात्री नियम ठरला. कुठलाही शब्द आला की आधी त्याला गाव विचारायचं, मग एक नातेवाईक विचारायचा, आणि नातेवाईक चर्चमधला पाहिजे. मग शरीरात त्याचं घर बोट ठेवून दाखवायचं. आणि हे सगळं मोठ्याने. मनात दिलेलं उत्तर टीचरच्या वर्गात धरत नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून प्रसेनजीतही येऊ लागला. तो कळंब्याहून मोटारसायकलवर येतो, आणि तोंडीत तोही अडकला होता. वर्ग गच्चीवर भरायचा. 'कन' या अक्षराशी टीचर आल्या आणि म्हणाल्या, कन म्हणजे एकत्र, संगं-संगं. नातेवाईक शोधायला त्यांनी तोंड उघडलं तोच प्रसेनजीत म्हणाला, "टीचर, हे आमच्या घरचं हाय. कन्व्हर्जन. आजोबा छप्पन साली नागपूरला गेलते. फक्त आईसमोर असं म्हणलं की ती म्हणती, धम्मदीक्षा म्हण."

"तुझ्या आईचं बरोबर हाय. पण एकत्रच वळले की न्हाय सगळे?"

"लाखानं."

"मग झालं. चर्चमधलाच पाहिजे हा नियम आजपास्नं रद्द. कुणाच्याबी देवाघरचा चालंल."

"कनेक्टिव्ह टिश्यू," शिवानी म्हणाली, "सगळ्यांना एकत्र बांधून ठेवतो."

एका रविवारी चर्चमधली लहान मुलंही गच्चीवर आली. दोन हातांची बोटं एकमेकांत घालून ती "इंटर, इंटरकोस्टल" असं ओरडत होती. समोरच्या क्लिनिकमधले डॉक्टर गॅलरीत आले, थोडा वेळ ऐकलं आणि आत गेले. तक्रार आली नाही.

एका शब्दाला मात्र नातेवाईक मिळाला नाही. इन्फ्रा. तोही खालच्याच गल्लीतला, पण टीचरना चर्चमधलं त्याचं कुणी आठवेना. "अनाथ दिसतंय बिचारं," त्या म्हणाल्या. "परीक्षेत विचारलं तर सांग, चौकशी चालू हाय."

मंगळवारी आत काय झालं ते पुढे शिवानीने सांगितलं तसं दिलं आहे. कॉलेजच्या परीक्षक संयोगिता मॅडम यांना प्रसेनजीतने नंतर विचारलं. त्यांनी त्यात काही दुरुस्ती केली नाही.

बाहेरचे परीक्षक डॉ. उदयसिंह खराडे पुण्याहून आले होते. सकाळपासून ते इंग्रजीशिवाय एक शब्द बोलले नव्हते, आणि तेही मोजकंच. समोर तबक होतं. तबकात उभं कापलेलं हृदय. त्यांनी चिमट्याचं टोक आतल्या वळकट्यांवर ठेवलं आणि नाव विचारलं.

प्रश्न तोच आला. दोन महिने गच्चीवर जे केलं तेच तिने केलं. ती तबकावर वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "कुठलं म्हणायचं पावणं?"

डॉ. खराडे यांनी चिमटा खाली ठेवला.

"मी?" ते मराठीत म्हणाले. "मूळचा गडहिंग्लजचा. का?"

"तुम्हाला नव्हे, सर," शिवानी म्हणाली, आणि हृदयाकडे बोट केलं. "ह्याला विचारलं."

संयोगिता मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. प्रसेनजीतने ऐकलेलं पहिलं हसू ते.

"बरं," डॉ. खराडे म्हणाले. "मग ते काय म्हणालं?"

"कार्न गावचं आहे, सर. कार्न म्हणजे मांस. नातेवाईक इनकार्नेशन. इन म्हणजे आत. देव मांसाच्या देहात आला, त्याला म्हणतात. हे ट्रॅबेक्युली कार्निए. डाव्या कप्प्यात बारीक आणि दाट, उजव्यात जाड."

त्यांनी तबक सरकवलं. मणक्यांच्या तळाचं त्रिकोणी हाड पुढे ठेवलं आणि म्हणाले, "याला विचारा."

"सेक्रम. पवित्र गावचं. नातेवाईक सॅक्रमेंट."

मग खांदा आला, मग छाती, मग दंडाचं हाड. मध्येच त्यांनी तिचं गाव आणि हे कुठं शिकलात ते विचारलं, तिने चंदगड आणि टीचरची गच्ची सांगितली. हाडाच्या मानेला वेढा घालणाऱ्या शिरेचं नाव तिने ताबडतोब सांगितलं. नातेवाईक विचारल्यावर मात्र ती संयोगिता मॅडमकडे बघून म्हणाली, "सर, हा एक सांगितला नाही तर चालेल?" दुसरं हसू डॉ. खराडे यांचं, ते इथे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. इन्फ्रास्पायनॅटसला कुठली नस जाते, असं त्यांनी विचारलं. शिवानी म्हणाली, ॲक्सिलरी. डॉ. खराडे यांनी पेन उचललं. ती म्हणाली, "नाही सर. सुप्रास्कॅप्युलर. वरच्या गल्लीतली नस उतरून खाली जाते." दुसरं उत्तर बरोबर होतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पहिलं उत्तर धरलं की दुसरं, हे तिला दिसलं नाही. कागद उलटा होता.

"आणि इन्फ्राचा नातेवाईक?"

"मिळाला नाही, सर. चौकशी चालू आहे."

"मिळाला तर मॅडमना कळवा. मलाही ऐकायचा आहे," ते म्हणाले. ती दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मागून विचारलं, "चंदगडात नक्की कुठं?"

"नागनवाडीजवळ, सर."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं. पुढचा प्रसेनजीत होता. त्याला नऊ मिनिटांत सोडलं, पण आत जाताच डॉ. खराडे यांनी त्याला विचारलं होतं, "तुम्हीही त्याच गच्चीवरचे का?"

शुक्रवारी पिराजी गावडे एसटीने आले. पिशवीत काजू होते आणि घरचा तांदूळ. टीचरनी दार उघडलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "कुठलं म्हणायचं पावणं?" पिराजींनी गंभीरपणे गाव, तालुका, भाऊकी सगळं सांगितलं. शिवानी आणि प्रसेनजीत आतल्या खोलीत हसून लोळत होते, का ते पिराजींना कळलं नाही.

"पास झालीस?" त्यांनी चहा पिताना लेकीला विचारलं.

"निकाल लागायचाय, बाबा."

"मग हसतीस कशाला?"

"आधी हसून घेते."

पिराजींनी टीचरकडे बघितलं. "शाणी झालीया," ते म्हणाले, आणि काजूची पिशवी टीचरच्या पुढे सरकवली.

रविवारी उपासनेनंतर टीचरनी निवृत्त पाळक आकाराम हिवाळे यांना दारातच गाठलं. इन्फ्रापासून सुरू होणारा एक शब्द आपण तरुणपणी धर्मशास्त्राच्या वर्गात ऐकला होता, असं ते म्हणाले. माणूस पतन पावला तो देवाने कुणाला तारायचं याची निवड करण्याआधी की नंतर, अशा एका जुन्या वादातला तो शब्द आहे. शब्द लांबलचक आहे, पूर्ण आठवत नाही. माळ्यावर पुस्तकं आहेत, नातू आला की काढायला सांगतो, असं त्यांनी सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत नातू आला नव्हता. निकालही लागला नव्हता. गच्चीवर दिवा लागला होता, आणि तिघं काजू खात दुसऱ्या वर्षाचं पुस्तक उघडून बसले होते.